सीपीयू चालू होईना: घरीच उघडावा, दुकानात न्यावा की नवा घ्यावा?

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या सेलूत पीक विम्याची गर्दी. माझं ऑनलाइन फॉर्मचं आणि टायपिंगचं छोटं केंद्र आहे. अशाच एका सकाळी शटर वर केलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळी ती काळीच. बाहेर सात-आठ जण सातबारा, पासबुकाच्या झेरॉक्स पिशवीत घालून बसलेले. अशा घडीला डोक्यात एकच येतं, जाऊ दे, आता नवाच घेऊ. मीही निघालोच होतो. शेजारच्या पोरानं थांबवलं, म्हणाला, "काका, आधी रॅम काढून बघू." मेमरीची ती पट्टी काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली आणि दहा मिनिटांत काम सुरू झालं.

तेव्हापासून गावातलं कुणी "कॉम्प्युटर बंद पडला, काय करू?" असं विचारत आलं की मी उलट विचारतो, नेमका कुठं अडकला? बटण दाबून काहीच हालचाल नाही? पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही नाही? लोगो येतो आणि तिथंच थांबतो? की विंडोज निम्म्यात येऊन निळी स्क्रीन पडते? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि घर, दुकान की नवा डबा याचा निर्णय त्यांच्यावरच ठरतो.

घरी काय जमतं

काहीच हालचाल नसेल तर सुरुवात भिंतीपासून करा. भिंतीवरच्या त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावा, यूपीएस सोडून थेट वायर द्या, एसएमपीएसच्या (डब्यातल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) मागचं छोटं बटण चालू आहे ना ते बघा. मग वायर काढून समोरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जातो. वायर परत लावा. लाईट ये-जा झाल्यावर अडकलेल्या मशीन कित्येकदा एवढ्यावर सुटतात.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि आतून बीप-बीप येते, असं असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. बीपचा अर्थ प्रत्येक मदरबोर्डात (आतली मुख्य पाटी) वेगळा असतो, पण उन्हाळाभर आपल्याकडे जी धूळ उडते ती सगळी त्या डब्यात जाऊन बसते, हे मी दर वर्षी बघतो. वायर काढा, डबा आडवा करा, आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅमच्या टोकाच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी उचलते. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. त्यांवर शाळेतला पांढरा रबर हलक्या हातानं फिरवा आणि रबराचा भुगा झटकून टाका. पॉलिश पेपर कधीच नको, सोनेरी थर निघून जातो. पट्टी बसवताना खाच जुळवा आणि खिट्टीचा टक् आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पट्टी वरून बसल्यासारखीच दिसते, त्यामुळं हा आवाज ऐकायचाच. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, जागा बदलून बघा. खराब पट्टी त्यात सापडते.

तिसरं काम सेलचं. मदरबोर्डावर साधारण रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की चालू करताना एफ-१ दाबा म्हणून सूचना येते आणि तारीख कित्येक वर्षं मागं जाते. तारीख चुकली की सरकारी पोर्टल "साइट सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही, आणि लोक नेटवाल्याला फोन लावत बसतात. जे रात्री मेन बटण बंद करून घरी जातात, त्यांचा सेल लवकर संपतो, कारण डब्याला वीज नसली की घड्याळ त्या सेलवरच चालतं. सेल बदलणं कुणालाही जमतं.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचे आत ३२५च्या आसपास डीसी होतात, आणि वायर काढल्यावरही ते वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात.

दुकानात कशासाठी जायचं

दुकानदाराकडं आपल्यापेक्षा जास्त असतं ते म्हणजे दुसरा चालू एसएमपीएस, दुसरी रॅम, दुसरी डिस्क. एकेक भाग बदलून बघितल्याशिवाय काही बिघाड कळतच नाहीत. घरी वरचे उपाय करून तासभर गेला आणि फरक पडला नाही, तर पुढं अंदाजानं पैसे घालवण्यापेक्षा दुकान बरं. नेताना फक्त सीपीयू न्या, मॉनिटर-कीबोर्डचं ओझं नको. रेल्वेनं परभणीला नेणार असाल तर डबा आडवा, बोर्डाची बाजू खाली ठेवून न्या.

एसएमपीएस गेला असेल तर दुरुस्त करून घेऊ नका, बदला. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, असं दुकानातही सांगतात, ते खरं नाही. त्याला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट नीट द्यावे लागतात, आणि पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की बोर्ड उठत नाही किंवा मधेच रीस्टार्ट मारतो. स्वस्त लोकल डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण भरवसा नसतो. थोडे जास्त पैसे घालून '८० प्लस' शिक्क्याचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) घ्या. आपल्याकडं संध्याकाळी शिवारात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि बंद झाल्या की उसळतं. ते सोसतो तो एसएमपीएसच, म्हणून मी इथं कंजूषी करत नाही.

मदरबोर्ड गेला असेल तर हिशोब वेगळा. फुगलेला कपॅसिटर बदलणं छोटं काम आहे. पण "चिपचं काम आहे, बाहेर पाठवावं लागेल" असं ऐकलं आणि मशीन दहा-बारा वर्षांची असेल, तर मी नको म्हणतो.

दुकानाचा खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल मला जीव तोडून सांगायचं आहे. विंडोज येत नाही म्हटलं की बरेच जण सरळ फॉरमॅट मारतात, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं टाकतात. माझ्या ओळखीच्या एका टायपिंगवाल्याच्या कित्येक वर्षांच्या फाइली अशा गेल्या. "डी ड्राइव्हला हात लावला नाही" हे उत्तर मिळालं, आणि ते खरंही होतं. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड, हे सी ड्राइव्हमध्ये असतं. डोळ्यासमोर दिसतं म्हणून आपण तिथं ठेवतो, आणि फॉरमॅटमध्ये पहिलं तेच जातं. त्यासोबत मराठी फॉन्ट, डिजिटल सहीचं आणि अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअरही जातं, ते परत बसवायला एक दिवस मोडतो. डबा टेबलावर ठेवतानाच सांगा: आधी डेटा काढा, मला दाखवा, मग फॉरमॅट. आणि हे पावतीवर लिहून घ्या.

खरं तर विंडोज दोन-तीनदा अर्ध्यात बंद पडलं की दुरुस्तीचा पडदा स्वतःच उघडतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढायची सोय आहे. हे घरी करून बघायला हरकत नाही. मात्र हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर काहीच करू नका, परत चालूसुद्धा करू नका. प्रत्येक वेळी चालू करताना उरलासुरला डेटा कमी होत जातो.

नवा कधी

हे प्रोसेसरच्या पिढीवर ठरवा. स्टिकरवर नुसतं आय५ लिहिलेलं असतं, पण पूर्ण नंबर बघा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आणि विंडोज १०चे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले.

त्यामुळं आठव्या किंवा पुढच्या पिढीची मशीन असेल तर रॅम, एसएमपीएस, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क), जे लागेल ते घाला, पैसे वाया जात नाहीत. चौथ्या-पाचव्या पिढीची असेल आणि फक्त डिस्क गेली असेल, तर एक एसएसडी टाकून पोरांच्या अभ्यासाला किंवा नुसत्या टायपिंगला ती अजून चालेल. त्यासाठी अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, घेतली तर एवढ्या जुन्या बोर्डावर बहुतेक ती लावायला जागा नसते, किंवा तिच्यावरून विंडोज उठत नाही. पण ज्या मशीनवर तुम्ही लोकांचे आधार, बँकेचे नंबर टाकता, तिथं सुरक्षेचे अपडेट बंद झालेली विंडोज ठेवू नये. माझ्या केंद्रातली जुनी मशीन मी याच कारणानं बदलली. ती चालू होती, तरीही.

नवा परवडत नसेल तर शहरात ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीन मिळतात. वाईट नसतात, फक्त "आय५ आहे" एवढ्यावर भुलू नका, पिढी विचारा.

घरी आणून लावण्याआधी

घर, दुकान की नवा, यांतलं काहीही केलं तरी भिंतीवरच्या ज्या बोर्डात डबा लावणार तो बोर्ड तोच आहे. माझ्याकडं एकाच उन्हाळ्यात दोन एसएमपीएस गेले. डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण यायची, ते मी महिनाभर मनावर घेतलं नव्हतं. वायरमनला बोलावलं, त्यानं मीटर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये धरला तर काटा तीस व्होल्टच्या पुढं. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे. चैत्र-वैशाखात आमची काळी माती अशी भेगाळते की बोट आत जाईल. खड्ड्यातली मातीही तशीच कोरडी पडली होती, तिचा अर्थिंगच्या पट्टीशी नीट संबंधच उरला नव्हता. त्यानं मीठ-कोळसा भरून दिला, वरून चार घागरी पाणी ओतलं. आता मार्च लागला की आठवड्याला एक घागर मी त्या खड्ड्यात ओततो. झिणझिण बंद झाली, आणि तिसरा एसएमपीएस अजून चालू आहे.