रेम्ब्रांट आणि बटरफ्लाय: सिनेमॅटिक पोर्ट्रेटच्या दोन प्रकाशरचना

या दोन्ही रचना एकाच मुख्य दिव्यावर उभ्या राहतात. फरक आहे तो दिव्याच्या जागेचा. रेम्ब्रांट (१६०६–१६६९) या डच चित्रकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला सुमारे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या बराच वर असतो, त्यामुळे नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा, असा संकेत आहे. मान जराशी वळली तरी तो नाहीसा होतो, म्हणून दिवा पक्का करण्यापूर्वी मी त्या गालाकडेच पाहत राहतो. शिवाय त्या डोळ्यात दिव्याचे प्रतिबिंब चमकले नाही, तर त्रिकोण साधूनही नजर निर्जीव वाटते.

बटरफ्लाय रचनेत दिवा चेहऱ्यासमोर, कॅमेऱ्याच्या वर असतो आणि नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या तारकांची छायाचित्रे अशा प्रकाशात घेतली जात. गालाची हाडे उठून दिसतात, त्वचा नितळ भासते. मात्र डोळे खोल असतील तर खोबणीत अंधार साचतो आणि हनुवटीखाली रिफ्लेक्टर धरावा लागतो.

व्यक्तिरेखेच्या मनातील घालमेल दाखवायची असेल, तर मी निःसंशय रेम्ब्रांट निवडतो, आणि मुख्य व फिल (सावल्या सौम्य करणाऱ्या दुय्यम) प्रकाशाचे प्रमाण ४:१ च्या आसपास ठेवतो.