कॅनन ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: लग्नाच्या हॉलात अपुरी, विणकराच्या मागापुढे भरपूर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फोटोग्राफर घडतो तो बहुतेक लग्नाच्या ऑर्डरींवर. हातात १८-५५ ची किट लेन्स, वर फ्लॅश, समोर स्टेज. पोट भरतं, पण चार वर्षांचे अल्बम शेजारी ठेवले तर कुणी काढलेत ते ओळखू येत नाही. झूमची रिंग फिरवली की चौकट भरते, त्यामुळे समोरच्या माणसापासून किती लांब उभं राहायचं हे ठरवायची वेळच येत नाही. आणि फोटोग्राफरची ओळख निम्मी तर त्या अंतरातच असते. ते अंतर शोधायला २०१५ साली आलेली, १६० ग्रॅमची, झूम नसलेली ही ५० एमएम लेन्स फार कामाची आहे.

आधी तिची मर्यादा. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ८० एमएमसारखी वागते. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ ५० वापरत म्हणून घेत असाल तर थांबा. त्यांची ५० पूर्ण ३५ एमएम फिल्मवर होती. तसा कोन क्रॉप बॉडीवर साधारण ३० एमएमला मिळतो. लग्नात दहाजणांची पाच मीटर रुंद रांग घ्यायला या लेन्सने अकरा मीटर मागं जावं लागतं. एवढी मोकळी जागा हॉलात मिळत नाही. ऑर्डरीसाठी किट लेन्स राहू द्या.

तिची खरी जागा बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांत. अरुंद खोलीतला माग चौकटीत मावतच नाही, म्हणून निवड करावीच लागते: तुटलेला ताणा (उभा धागा) जोडणारी बोटं घ्यायची, की आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर खिळलेले डोळे? लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, पण तिथं एफ/१.८ ला, म्हणजे अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं की, जेमतेम दोन मिलिमीटर भाग शार्प राहतो. धागा शार्प आला तर नख गेलं. छिद्र लहान करून एफ/५.६ ला तेच सहा मिलिमीटर होतं, बोटांना ते पुरतं. एक मीटरवरून चेहरा घेताना एफ/१.८ ला अडीच सेंटिमीटर मिळतं. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून कॅमेरा सरकवला की डोळा हुकतोच. फोकस पॉइंट डोळ्यावरच नेऊन ठेवा, अॅपर्चर एफ/२.८ करा.

ट्यूबलाइट असेल तर शटर १/१०० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर त्याहून वेगवान केलं की फोटोत पट्टे येतात, एकेक फ्रेम वेगळ्या रंगाची निघते. शिवजयंतीच्या चित्ररथांवरच्या एलईडीलाही आधी हेच करून पाहा. १/१०० ला धोटा वाहून जाईल, जाऊ द्या. हात स्थिर दिसला पाहिजे. लेन्सला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, तेव्हा कोपर भिंतीला टेकवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर काळ्या दगडाला राखाडी करून टाकतो, तिथं एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर आणा.

दर आठवड्याला एकाच गल्लीत फक्त ३६ फ्रेम, एका रोलइतक्या. तीन महिन्यांनी चांगल्या चाळीसेक फोटोंच्या ४ x ६ प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि विषयाप्रमाणे नाही, अंतराप्रमाणे लावा. बहुतेकांचे फोटो एकाच अंतराशी गोळा होतात: कुणी दोन मीटरवर थांबतो, कुणी हाताच्या अंतरावर. तुमचा ढीग चार-पाच मीटरवर पडला, तर तुम्हाला माणसाइतकीच त्याच्याभोवतीची खोली हवी आहे. मग ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ घ्या. अर्धा-एक मीटरवर पडला तर याच लेन्सवर आणखी वर्ष काढा.

जपायचं ते पुढचं नळकांडं. जवळचा फोकस केला की ते बाहेर येतं आणि कॅमेरा बंद केल्यावर बऱ्याच बॉडींवर तसंच राहतं. बॅगेत दणका बसला की फोकसची यंत्रणा जाते. बंद करण्याआधी लांबच्या वस्तूवर फोकस करा. ईएस-६८ हूड लावाच, तो बाहेरच्या भागावर बसत असल्याने धक्का स्वतः झेलतो. खानापूर-जांबोटीच्या पावसात बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि त्याचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या.