ग्रीक नाटकाची तीन दिवसांची कार्यशाळा, ड्रेपरीच्या बाजूने

नागपूरच्या महाल भागात माझं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाच्या कपड्यांचं, दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगचे मावळे, राज्य नाट्य स्पर्धेतले राजे-राण्या, दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे शालू आणि फेटे, गेली बावीस वर्षं हेच काम करते. जानेवारीत एक तरुण दिग्दर्शक आला. म्हणाला, "काकू, औंदा अँटिगनी हे ग्रीक नाटक करून राहिलो. कपडे तुम्हीच करा." कसे पाहिजे विचारलं, तर त्याने मोबाइलवर पांढऱ्या चादरी गुंडाळलेल्या माणसांची चित्रं दाखवली. मला ते पटेना. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या लोकांनी इतकी नाटकं केली, ते रंगमंचावर चादरीत उभे राहत असतील का? त्यानेच मग या कार्यशाळेचं सांगितलं. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस, फी अठराशे रुपये. दुकान मुलीवर सोपवून गेले.

पैसे वसूल झाले. तक्रारीही आहेत, त्या पुढे सांगते.

शुक्रवारी नुसती ओळख होती. अथेन्समध्ये वसंत ऋतूत डायोनिसस देवाचा उत्सव भरायचा, त्यात नाटकांची स्पर्धा. तीन कवी, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि शेवटी सॅटिरांचं एक खोडकर नाटक. अर्धा माणूस, अर्धा पशू असे ते सॅटिर. परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेले. हे ऐकताना मला आपला झाडीपट्टीचा हंगाम आठवत होता, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. फरक इतकाच की आपल्याकडे रात्रभर दिव्यात चालतं, त्यांच्याकडे सकाळपासून उन्हात. उन्हात म्हटल्यावर माझं डोकं लगेच रंगांकडे गेलं. दिव्याखाली जो जांभळा काळा दिसतो तो उन्हात जांभळाच दिसतो.

कपड्यांचा खर्च कोण करायचं, हे मी पहिल्याच तासाला विचारलं. शिकवणारे सर हसले आणि खुर्ची ओढून नीट बसले. शहरातल्या एका श्रीमंत नागरिकावर ती जबाबदारी टाकली जायची. कोरसचं, म्हणजे नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचं, शिक्षण आणि पोशाख हे सगळं त्याने आपल्या पैशाने करायचं. त्याला खोरेगोस म्हणत. आज पूर्ण हाती असलेलं सगळ्यात जुनं ग्रीक नाटक म्हणजे इ.स.पू. 472 चं पर्शियन्स, एस्किलसचं. त्याचा खोरेगोस होता पेरिक्लिस, जो पुढे अथेन्सचा मोठा पुढारी झाला. माझ्या उधारीच्या वहीत दोन-तीन मंडळांची नावं वर्षानुवर्षं तशीच पडून आहेत, त्यामुळे हा पेरिक्लिस मला फार आवडला.

कार्यशाळेचा जीव शनिवारी सकाळी होता. सरांनी तीन जणांना पुढे बोलावलं आणि टेबलावर पुठ्ठ्याचे आठ मुखवटे मांडले: अँटिगनी, तिची बहीण इस्मिनी, राजा क्रिऑन, पहारेकरी, क्रिऑनचा मुलगा हेमॉन, आंधळा ज्योतिषी टायरेसियस, दूत, राणी युरिडिसी. सोफोक्लीजने हे नाटक लिहिलं सुमारे इ.स.पू. 441 मध्ये. बोलणारे नट फक्त तीन, सगळे पुरुष. एस्किलसच्या आधी एकच नट कोरसशी बोलायचा, त्याने दुसरा आणला, सोफोक्लीजने तिसरा. आता वाटून दाखवा, कोण काय करणार?

पोरं गोंधळली. मी मात्र आयुष्यभर हेच केलंय. विंगेत उभं राहून मोजायचं, हा आत आला, तो बाहेर गेला, मधे किती वेळ. अँटिगनी आणि इस्मिनी सुरुवातीलाच एकत्र आहेत, म्हणजे दोन नट तिथेच अडकले. पुढे क्रिऑनसमोर पहारेकरी अँटिगनीला पकडून आणतो, तिघंही रंगमंचावर. मग इस्मिनी यायची आहे, तर नट कुठून आणायचा? मी संहिता चाळली. पहारेकरी सुटका झाल्यावर खुशीत निघून जातो. त्यानंतर क्रिऑन आणि अँटिगनीचं कडाक्याचं भांडण, ऐंशीएक ओळींचं, आणि मग इस्मिनी येते. म्हणजे त्या भांडणाच्या वेळात पहारेकऱ्याची इस्मिनी होते. मी म्हटलं, "सर, एवढ्या वेळात मी दोन साड्या नेसवते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मला टाळ्यांपेक्षा त्या माणसाचं कौतुक वाटलं, ज्याने ओळी लिहिताना आतल्या नटाच्या गाठी सुटायला वेळ ठेवला होता. बाकीचे बदल तर आणखी सोपे. हेमॉन येण्याआधी कोरसचं गाणं, टायरेसियस येण्याआधी गाणं, दूत येण्याआधी गाणं. कोरस गातो, नाचतो, लोकांचं मन हलवतो, आणि तेवढ्यात आत मुखवटा बदलतो.

हे आत म्हणजे कुठे, तर स्कीनी. मूळ अर्थ राहुटी, तंबू. समोर ऑर्केस्ट्रा, म्हणजे कोरसची नाचायची मोकळी जागा, पलीकडे टेकडीच्या उतारावर लोक, आणि मागे कपडे बदलायची राहुटी. तिलाच पुढे दार आलं, छप्पर आलं, नाटकातला राजवाडा झाली. आपण रोज म्हणतो तो 'सीन' हा शब्द तिथूनच आलाय. झाडीपट्टीतल्या वडशाला कडाक्याच्या थंडीत रंगपटाच्या कनातीमागे कंदिलाच्या उजेडात मी ब्लाउजचे हूक लावलेत. त्या कनातीच्या नावावरून जगभरच्या नाटकातल्या प्रवेशाला नाव मिळालं, हे कळल्यावर मला काही क्षण पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुपारच्या सत्रात तीन नाटकांतले उतारे मराठीतून वाचले, आणि तिथे मला जे दिसलं ते सरांच्या टिपणात नव्हतं. ही नाटकं कापडाने भरलेली आहेत. इ.स.पू. 458 च्या अ‍ॅगॅमेम्नॉनमध्ये राजा युद्ध जिंकून घरी येतो आणि राणी क्लायटेम्नेस्ट्रा दारापर्यंत जांभळट लाल वस्त्रं अंथरते. तो रंग समुद्रातल्या शिंपल्यातल्या गोगलगायीतून काढायचे, चांदीच्या मोलाचा. राजा घुटमळतो, इतकं भारी कापड पायाखाली कसं तुडवू म्हणतो. शेवटी पायताणं काढायला लावतो आणि चालत आत जातो. आत ती त्याला आंघोळीच्या वेळी एका मोठ्या वस्त्रात जाळ्यात मासा पकडावा तशी गुंडाळते आणि मारते. युरिपिडीजच्या मिडीया नाटकात (इ.स.पू. 431) मिडीया सवतीला विषारी झगा पाठवते, तोही स्वतःच्या लेकरांच्या हातून. युरिपिडीजच्या त्या वर्षीच्या नाटकांना स्पर्धेत तिसरा नंबर मिळाला, म्हणजे शेवटचा. इडिपस राजा स्वतःचे डोळे फोडतो ते राणीच्या वस्त्राच्या पिनांनी. आणि अँटिगनी गुहेत गळफास घेते तो स्वतःच्या अंगावरच्या तलम कापडाचा. मरण मात्र सहसा प्रेक्षकांसमोर घडत नाही. आत घडतं, आणि दूत बाहेर येऊन सांगतो, किंवा चाकांचा पाट दारातून बाहेर ढकलून प्रेत दाखवतात. लोकांना दिसतं ते कापड. मी इतक्या वर्षांत कधी संहिता अशी वाचली नव्हती. आजपर्यंत माझं काम कपडे जुळवण्यापुरतंच होतं.

आता चादरींचं. नेपल्सच्या संग्रहालयात इ.स.पू. 400 च्या सुमाराचं एक मोठं चित्रित भांडं आहे, प्रोनोमोसचं भांडं म्हणतात. मधे प्रोनोमोस नावाचा वादक औलोस हे दुहेरी बासरीसारखं वाद्य वाजवतोय, भोवती नट हातात मुखवटे धरून. सरांनी पडद्यावर मोठं करून दाखवलं तेव्हा मी उठून जवळ गेले. नटांच्या अंगावर पायघोळ झगे, मनगटापर्यंत बाह्या आणि कापडभर भरगच्च नक्षी. पांढरं काहीच नाही. घरी-बाजारात ग्रीक लोक न शिवलेलं कापड खांद्यावर पिनांनी अडकवून नेसत, आपल्या नऊवारीसारखी घडी घालून, पण रंगमंचावरचा कपडा वेगळाच होता. बाह्या कशाला? मला लगेच सुचलं की पुरुषाचे हात झाकायला. बाईचं काम करणाऱ्याचे दंड सगळ्यात आधी दगा देतात, हे बालगंधर्वांच्या जमान्यातल्या शिंप्यांनाही ठाऊक असणार. उंच तळव्यांच्या बुटांचा गैरसमजही इथेच गेला. ते नंतरच्या काळातले, सोफोक्लीजच्या वेळचे नट मऊ बूट घालायचे.

रविवारी मुखवटे केले. खरे मुखवटे एकही उरलेले नाहीत, कारण ते कापडाचे होते, खळ देऊन कडक केलेल्या तागाच्या कापडाचे, वर केस लावलेले, पूर्ण डोकं झाकणारे. मातीच्या साच्यावर आम्ही मांजरपाटाच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून थर दिले, चार थर. दुसऱ्या थरानंतर बोटाने दाबलं तर अजून दबत होतं, चौथ्यानंतर टकटक वाजायला लागलं. वाळवायला हेअर ड्रायर. माझा मुखवटा डोक्यात घातला तेव्हा आधी स्वतःचा श्वास ऐकू आला. मग बोलले, तर आवाज कानांच्या आत फिरून बाहेर गेला. डोळ्यांच्या भोकांतून समोरचं ताटाएवढंच दिसतं, शेजारचा माणूस दिसतच नाही, पूर्ण मान वळवावी लागते. आणि मान वळली की बघणाऱ्याला ते वीस पावलांवरूनही कळतं.

चार वाजता जवळच्या मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर गेलो. पंधरा जणांचा कोरस केला, सोफोक्लीजचा कोरस पंधराचाच असायचा. मी सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले, माझ्या कपड्यांचं मला तिथूनच बघायचं होतं. ग्रीसमधल्या एपिडॉरसचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं नाट्यगृह आजही उभं आहे, पंचावन्न ओळी, बारा हजारांच्या वर माणसं मावतील असं. त्याच्या वरच्या ओळीतल्या माणसाला नटाच्या कपाळावरची आठी काय दिसणार? त्याला मुखवट्याची कड, बाहीची नक्षी आणि हात वर केल्यावर पडणारा झोळ दिसणार. आमच्या पंधरापैकी एकीच्या अंगावर योगायोगाने हळदी रंगाची ओढणी होती. त्या सगळ्या गर्दीत मला तीच दिसत राहिली.

आता तक्रारी. शनिवारचं सत्र चाळीस मिनिटं उशिरा सुरू झालं, हॉलची किल्ली सापडत नव्हती. हॉल शाळेचा होता, आवाज इतका घुमायचा की मागच्या रांगेला उतारे नीट कळले नाहीत, आणि विषय नेमका ऐकू येण्याचा! जाहिरातीत वेशभूषेचं सत्र अडीच तासांचं लिहिलं होतं, मिळाला एक तास. अ‍ॅरिस्टोफेनिस आणि विनोदी नाटक शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. ज्या माणसाची अकरा नाटकं शिल्लक आहेत आणि ज्याचा कोरस चोवीस जणांचा होता, त्याला अर्धा तास हे मला अन्यायाचं वाटलं. पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजीत. माझ्या शेजारी उमरेडहून आलेला एक दंडार या लोकनाट्यातला कलाकार होता, त्याला दर वेळी मी वाचून दाखवत होते. बोलणं मराठीत आहे तर पाट्याही मराठीत करायला काय जातं?

पण सरांची तयारी पक्की आहे, आणि माहिती नसेल तिथे ते सरळ सांगतात. प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो वेळ आणि हॉलसाठी.

दिग्दर्शकाला सोमवारी दुकानात बोलावलं. चादरी रद्द केल्या. बाह्या सगळ्यांना, नक्षी हाताने छापायची, आणि अँटिगनीच्या खांद्यावर पहिल्या प्रवेशापासून एक तलम ओढणी, जी तिला गुहेत नेताना तिच्यासोबत जाईल. त्यासाठी गांधीबागेतून सहा मीटर मलमल आणलंय, कच्चं, अजून रंगवायचं आहे.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे म्हणतात. जायचं असेल तर घरून एक जुनं सुती धोतर घेऊन जा. मुखवट्यासाठी तिथे मिळणारं कापड तिसऱ्या थरालाच संपतं.