थ्रो बॅग, २० मीटर दोर: तापीकाठी दोन पावसाळे वापरून सांगतोय

आमचं गाव यावल तालुक्यात, हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला. इथं पाणी फसवतं भो. आपल्याकडे थेंब नसतो पण वर बऱ्हाणपूरकडे नाहीतर पूर्णेच्या अंगाला अकोल्याकडे जोरात झाला की धरणाच्या ४१ दरवाजांपैकी लागतील तितके उघडतात, आणि सकाळी गुडघाभर पाण्याची जागा दुपारी ओळखू येत नाही. माझा चुलतभाऊ अशाच पाण्यात गेला, तो बुडत नव्हता, म्हशी धुवायला गेलेल्या पोराला काढायला त्याने उडी मारली होती. पोरगं झुडूप धरून वाचलं, हा पट्टीचा पोहणारा असून गेला. म्हणून ही थ्रो बॅग घेतली, म्हणजे काठावर उभं राहूनच वाहत्या माणसाकडे फेकायची दोराची पिशवी.

पिशवी डब्याच्या पिशवीएवढी, आत पॉलिप्रॉपिलीनचा दोर. हा दोर तरंगतो, हेच सगळ्यात महत्त्वाचं. विहिरीवरचा सुती नाडा भिजला की जड होऊन तळाला जातो, नायलॉनचाही बुडतो, मग वाहणाऱ्या माणसाला तो दिसणार कसा. रंग भडक पिवळा, गढूळ पाण्यातही लांबून दिसतो.

वापरायला सोपी वाटते पण सवय लागते. दोराचं मोकळं टोक एका हातात धरायचं, मनगटाला गुंडाळायचं नाही, कमरेला तर अजिबात बांधायचं नाही, नाहीतर तो आपल्यालाच घेऊन जातो. आधी जोरात "दोर!" म्हणून ओरडायचं, त्यानं बघितलं की पिशवी खालून झोका देऊन त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. त्यानं दोर धरला की आपण लगेच खाली बसून पाय रोवायचे, एकट्याने ओढत बसायचं नाही, प्रवाहच त्याला फिरवून काठाला आणतो. त्याने उताणं होऊन दोर खांद्यावरून छातीशी धरायचा, हे पण ओरडून सांगावं लागतं.

पहिल्या दिवशी आम्ही सहा जणांनी शेतात टाकून बघितली, बांबू रोवून, दहापैकी तीनच बरोबर पडल्या!! आता आठ पडतात. नेम चुकला तर दोर परत पिशवीत भरत बसू नका, तेवढ्यात माणूस पुढे जातो. दोर हातावर वेढे करून घ्या, पिशवीत थोडं पाणी घ्या म्हणजे वजन येतं, आणि पुन्हा फेका.

तक्रारी आहेत. दोर बारीक आहे, ओला झाला की तळहात कापतो, हातमोजे सोबत ठेवावेच लागतात. पिशवीचं तोंड आवळायची नाडी ओल्या हाताने सुटत नाही, आम्ही तिथं मोठा लाकडी मणी ओवला. सोबत मराठीत कागद नाही, ही मला मोठी चूक वाटते, कारण वस्तू काठावरच्या कोणाच्याही हातात पडणार. वापर झाला की सावलीत वाळवायची, उन्हात हा दोर कुजतो.

गणपती विसर्जनाला दोन पिशव्या घेऊन आमची पोरं घाटाच्या खालच्या बाजूला उभी असतात, वर नाही, कारण सुटलेला माणूस खालीच येतो. एकजण ११२ लावायला मोकळा ठेवतो. पाण्यात कोणी उतरत नाही, हे ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाचपैकी चार स्टार. आता तिसरी मागवलीय, ती मारुतीच्या देवळात खुंटीला टांगणार, कुलूप नसलेल्या जागी.