कूलर बसवला, तेल कुठंच गेलं नाही

माझी मारुती एस्टीम गाडी १९९९ची. दादांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही, बाकी कारण नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकला की तिचा तापमानाचा काटा वर सरकायचा, आणि सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकायचा.

धुळ्यातल्या एका ग्यारेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान केलं. "भाऊ, ऑइल तापून पातळ होतंय. जुनं इंजिन, त्यात हे ऊन. ऑइल कूलर टाकून घ्या." मग त्याने कागदावर आकृती काढून समजावलं. ऑइल फिल्टर आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या मध्ये एक प्लेट बसते, तिच्यातून दोन पाइप निघून पुढे जाळीमागच्या कूलरला जातात, ऑइल तिथे वाऱ्यावर गार होऊन परत इंजिनात येतं. प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असतो. ऑइल ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय तो कूलरकडची वाट उघडत नाही, म्हणजे सकाळी थंड इंजिनाला त्रास नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तिथेच फसलो.

कूलर ६,५००, प्लेट १,८००, पाइप १,४००, जादा लिटरभर ऑइल ४५०, मजुरी १,५००. एकूण ११,६५० रुपये रोख, साध्या चिठ्ठीवर. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लागेल, उगाच कशाला वाढवता?" मलाही तेच सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी गाव फिरून आलो आणि सहज कूलरला हात लावला. गार. त्याला फोन केला, तर तो हसून म्हणाला, "थर्मोस्टॅट उघडला नसेल भाऊ, म्हणजे तुमचं ऑइल तापलंच नाही. कूलरचा गुणच आहे तो!" त्यानेच शिकवलेलं त्याने माझ्यावर उलटवलं, आणि मी खूश होऊन फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात कन्नडला लग्न होतं. आई आणि बायको गाडीत. चाळीसगाव सोडून घाट चढायला लागलो, पुढे ट्रकांची रांग, पहिल्या गिअरमध्ये सरकत चाललेलो. अर्ध्या घाटात काटा लालकडे गेला आणि वळणावर थांबलो तर दिवा लुकलुकला नाही, लागूनच राहिला. इंजिन बंद केलं. तासाभराने गाडी उलटी फिरवून हळूहळू उतरवली आणि चाळीसगावात एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे नेली. सगळे त्यांना आबा म्हणत होते.

आबांनी आधी कूलरलाच हात लावला. "भाऊ, हाऊ ते थंडागार शे. यामा तेल येसच नही." मी थर्मोस्टॅटचं ऐकवलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली. एस्टीमचा फिल्टर मागे खाली असतो, वरून नीट दिसत नाही. खालून बॅटरी मारली तर फिल्टर आपल्या जुन्या जागी थेट ब्लॉकवर होता. प्लेट नव्हतीच. कूलरचे दोन्ही पाइप इंजिनामागे नेऊन, टोकांना बोल्ट ठोकून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकलेले.

मी शिव्या देत होतो आणि आबा पाइप चोळून बघत होते. साधे पाण्याचे पाइप, त्यावर स्क्रूच्या क्लिपा. ऑइलला तेल सोसणारा, दाबाचा, टोकं दाबून बसवलेला पाइप लागतो. साधं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि क्लिपेतून सुटतं. "जोडं व्हतं ते घाटमा सगळं तेल रस्तावर जातं," आबा म्हणाले. इंजिनात ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास. पाइप सुटला असता तर दिवा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग गेली असती. म्हणजे त्याने लबाडी केली म्हणून इंजिन वाचलं. याचे आभार कोणाचे मानायचे, अजून ठरलेलं नाही.

मूळ रोग रेडिएटरमध्ये होता. आमच्याकडे बोअरचं पाणी, मी वर्षानुवर्षं तेच ओतत आलो. आत क्षारांचा थर जमून निम्म्या नळ्या बंद. रेडिएटर साफ केला, कूलंट भरलं, ऑइल बदललं, मग आबांनी दिव्याच्या स्विचच्या जागी प्रेशरचं मीटर लावून गरम इंजिनावर दाब मोजला. चांगला निघाला. सगळे मिळून ३,२००.

तुम्ही खरंच कूलर बसवणार असाल तर आधी हा दाब मोजून घ्या. बसवल्यावर इंजिन चालवून, बंद करून ऑइलची पातळी मोजायची पट्टी बघा: कूलर भरला की पातळी खाली जायलाच हवी. माझी तसूभर हलली नव्हती आणि मी त्यालाही शुभशकुन समजलो होतो. आणि खड्ड्यावर उभं राहून प्लेट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "मी जोडूनच दिला होता, चाळीसगाववाल्याने प्लेट काढून घेतली असेल." खड्ड्यातले फोटो दाखवले, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हणालो, तेव्हा ४,००० हातावर ठेवले. चिठ्ठीवर ना नाव ना सही, त्यामुळे पुढे ओढायला माझ्याकडे काही नव्हतं.

कूलर घरी आणून रॉकेलने पुसला. काळा रंग निघाला आणि खाली घासलेल्या खुणा दिसल्या. कुठल्यातरी मोटरसायकलचा होता.