सोलरला माळ भाड्यानं दिला, त्याचा अनुभव (5 पैकी 3 तारे)

कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात आमचा 4 एकर 12 गुंठे माळ आहे. पाऊस झाला तर ज्वारी, तूर. गेल्या वर्षी तो सोलर कंपनीला भाड्यानं दिला. कंपनीसाठी जमिनी जमवणाऱ्या एजन्सीबद्दल लिहितोय, कारण तिच्या गाड्या आता शेजारच्या गावांतही फिरायला लागल्यात.

मोजणी चोख केली. प्रत्येक खुंटी ठोकताना बांधाशेजारच्या शेतकऱ्याला उभं केलं. पोटहिश्श्याचा जुना घोळ त्यांच्याच माणसानं तहसीलला खेपा घालून मिटवला. पहिलं भाडं ठरल्या दिवशी खात्यावर आलं. हे मनापासून सांगतो.

करारपत्राचं मात्र वाईट वाटलं. 24 पानं, सगळी कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड आम्ही बाजारात रोज बोलतो, पण करारातलं कन्नड कळत नाही. आईला वाचताच येत नाही आणि उताऱ्यावर पहिलं नाव तिचंच. एजन्सीचा माणूस कट्ट्यावर बसून भाड्याचं तेवढं पान वाचून दाखवत होता. आईनं अंगठ्याला शाई लावली आणि थांबली. "विहिरीचं काय लिवलंय?" तो पानं उलटत राहिला. विहिरीचं कुठंच नव्हतं. पाणंदीचंही नव्हतं, कुंपण पडलं असतं तर धाकट्या काकांना रानात जायला वाटच राहिली नसती. आई शाई पदराला पुसून आत गेली.

मराठी भाषांतर शेवटी वकिलाला पैसे देऊन आम्हीच करून घेतलं. तेव्हा कळलं, मुदत 28 वर्षं आणि भाडेवाढ शून्य. तुमकूर जिल्ह्यात पावगड्याचा 2050 मेगावॅटचा सोलर पार्कही भाड्याच्या जमिनीवरच आहे, सुमारे 13,000 एकर. तिथं एकरी वर्षाला 21,000 रुपयांनी सुरुवात झाली आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ ठरली. हा दाखला ठेवल्यावर आमच्याही करारात वाढ आली. विहीर आणि वाट नकाशावर लाल रेघेनं काढून घेतली, मगच आईनं अंगठा दिला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं भांगलायला येणाऱ्या नऊ बायकांना मात्र एकाही बैठकीला बोलावलं नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, आधीची तीन वर्षं त्या रानावर ज्याचं पोट आहे तो मजूरही बाधित धरतात. भाडेकरारात त्याला कुणी विचारत नाही. मी विषय काढला तेव्हा पॅनेल धुण्याचं, गवत काढण्याचं काम देतो म्हणाले. आजवर दोघींना मिळालंय. बाकीच्या सात जणी पहाटे टमटमनं लांब उसाच्या भांगलणीला जातात.