आरोलसेन आर्काइव्ह्ज: मोफत आहे, पण चिकाटी हवी
दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत सक्तीच्या मजुरीला नेलेला आणि पुढे ऑस्ट्रेलिया-कॅनडात स्थायिक झालेला पोलिश पूर्वज शोधायचा, तर सुरुवात इथूनच करावी: हा जर्मनीतला, नाझी छळाला बळी पडलेल्यांच्या कागदपत्रांचा संग्रह. ऑनलाइन शोध मोफत. आडनाव टाकून काही मिळालं नाही तर लगेच थांबू नका. कारकुनांनी बरेचदा कानाला पडलं तसंच लिहिलंय. ‘शिमान्स्की’तला ‘श’ पोलिश वळणाने एस-झेड, जर्मन वळणाने एस-सी-एच. दोन्ही टाका, मग जन्मतारखेवरून चाळा. खरा ऐवज निर्वासित नोंदणी कार्डात: १ जानेवारी १९३८ चं राहतं गाव, धंदा, येणाऱ्या भाषा, कुठे जायचंय. अर्थात, जायचंय म्हणजे गेलाच असं नव्हे; जहाजांच्या प्रवासी याद्यांशी ताडून बघा. कार्डावरची लघुरूपं त्यांच्याच ई-गाइडमध्ये उलगडतात. लेखी चौकशी केलीत, तर मात्र उत्तराला काही महिने धरा.